लेगस्पिनला वयाची अट असावी का?



गेल्या दिवाळीच्या थोडे आधी वडवणीला जाण्याचा योग आला. बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. तेथील एका शाळेत ‘चेंडू हवेत का वळतो?’ या विषयावर मुलांशी गप्पा झाल्या. कार्यक्रम संपला, मुले पांगली; एक मुलगा मात्र दाराशी उभाच होता. त्याने खिशातून शिवण उसवत आलेला लेदरचा चेंडू काढला आणि विचारले, “सर, मी बारावीला आहे. सतरा पूर्ण झाली. लेगस्पिन टाकायला मागच्या वर्षी सुरुवात केली. सगळे म्हणतात, आता उशीर झाला. खरंच झाला का हो?”

उशीर का झाला, हेही त्याने सांगितले. घरची मंडळी ऊसतोडणीला जातात. आठवीपर्यंत दर हंगामात तोही आईवडिलांबरोबर तोडीवर जात असे. पुढे तो आजीजवळ गावात राहू लागला आणि मग कुठे मैदान त्याच्या वाट्याला आले. पुढच्या वर्षी मुकादमाकडून उचल घेतली गेली, तर त्यालाही कोयता हाती घ्यावा लागेल.

माझ्या एस. टी.ची वेळ झाली होती. “प्रयत्न सोडू नकोस,” असे नेहमीचे उत्तर देऊन मी निघालो. पण ते उत्तर मला रस्ताभर टोचत राहिले. विज्ञानाची गोडी लावायला गेलेल्या माणसाने असे उत्तर देऊन सुटायचे नसते. त्याने हिशेब मांडायचा असतो. तोच आज तुमच्यापुढे मांडतो. माझे मत पटले नाही तर हिशेब तपासून पाहा.

वय नेमके काय हिरावते?

क्रिकेटच्या चेंडूचे वजन साधारण १६० ग्रॅम असते. समजा, एखादा वेगवान गोलंदाज तो ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकतो. सेकंदाचा हिशेब केला तर हा वेग सुमारे ३९ मीटर होतो. गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्हांला ठाऊक आहेच : वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. उत्तर येते सुमारे १२० ज्यूल.

आता लेगस्पिनर पाहा. त्याच्या चेंडूचा वेग ताशी ८०, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. सूत्र तेच, उत्तर येते सुमारे ४० ज्यूल. वेगवान गोलंदाजाच्या एक तृतीयांश!

पण लेगस्पिनर चेंडूला आणखी एक गोष्ट देतो, ती म्हणजे फिरकी. चांगल्या लेगस्पिनरचा चेंडू मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे घेतो. या फिरण्यातही ऊर्जा असते. चेंडूची त्रिज्या ३.६ सेंटिमीटर धरून गणित केले, तर ती जेमतेम दोन ज्यूल भरते. फलंदाजाला चकवणारी सारी करामत या दोन ज्यूलांत असते. हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत सुमारे १८ मीटर अंतर कापायला चेंडूला ०.८ सेकंद लागतो. तेवढ्या वेळात तो सुमारे २७ वेळा स्वतःभोवती फिरतो. फिरत्या चेंडूच्या एका बाजूची हवा एका दिशेला अधिक ढकलली जाते आणि चेंडू उलट दिशेला सरकतो. यालाच मॅग्नस परिणाम म्हणतात. त्यामुळे चेंडू हवेत तरंगत एका बाजूला जातो, अपेक्षेपेक्षा आधी खाली येतो आणि टप्पा पडताच जमिनीशी होणाऱ्या घर्षणाने वळतो.

माणसाच्या स्नायूंचा जोर विशीत भरास असतो आणि तिशीनंतर हळूहळू ओसरू लागतो. १२० ज्यूल देणाऱ्याला ही ओहोटी लवकर जाणवते. मनगट आणि बोटे यांच्या मेळातून दोन ज्यूल देणाऱ्याला ती बरीच उशिरा जाणवते. त्याचे खरे भांडवल म्हणजे हजारो वेळा केलेली तीच ती क्रिया. मेंदू आणि हात यांनी मिळून पक्के केलेले हे कसब वयाबरोबर लगेच विरत नाही.

याचा अर्थ लेगस्पिन अंगमेहनतीशिवाय येते असा मात्र नव्हे. खांद्यावर आणि बोटांवर तिचा मोठा ताण पडतो. शेन वॉर्नसारख्या अव्वल गोलंदाजाला १९९८ साली खांद्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली होती. तेव्हा वय काहीच हिरावत नाही असे मी म्हणणार नाही. इतर गोलंदाजांच्या मानाने लेगस्पिनरचे ते कमी हिरावते, एवढेच माझे म्हणणे आहे.

चोवीस चेंडूंचे काम

दुसरा मुद्दा खेळाच्या प्रकाराचा. इंग्लंडमध्ये २००३ साली वीस षटकांचे सामने सुरू झाले, तेव्हा फिरकी गोलंदाजांची आता धुलाई होणार, असे पुष्कळांना वाटले होते. घडले वेगळेच. का, ते पाहा.

कसोटीत फलंदाजाला वेळ असतो. चेंडू कळला नाही तर तो सोडून देता येतो किंवा पाय पुढे टाकून अडवता येतो. वीस षटकांच्या डावात चेंडू १२० आणि गडी दहा. येथे सोडलेला प्रत्येक चेंडू तोट्याचा. फलंदाजाला मारावे लागते, आणि ते चेंडू कोणत्या बाजूला वळणार हे नीट उमगायच्या आत. हाताची ठेवण जवळपास तीच ठेवून एक चेंडू बाहेर वळवायचा आणि दुसरा, म्हणजे गुगली, आत आणायचा, ही लेगस्पिनरची विद्या नेमकी अशा घाईतल्या माणसाला गोत्यात आणते.

शिवाय या सामन्यात एका गोलंदाजाला जास्तीत जास्त चार षटके, म्हणजे २४ चेंडू, टाकता येतात. कसोटीत फिरकी गोलंदाजाला दिवसभरात तीस षटके टाकण्याची वेळ येऊ शकते. तीही लागोपाठ दोन दिवस. चाळिशीच्या माणसाला तो भार पेलवणार नाही. २४ चेंडू मात्र पेलवतात.

म्हणजे शरीराचा आणि खेळाचा असे दोन्ही हिशेब एकाच बाजूला झुकतात. आता प्रत्यक्ष पुरावा पाहू.

एकेचाळिसाव्या वर्षीचे पदार्पण

प्रवीण तांबे यांचे नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकले असेल. त्यांच्यावर २०२२ साली हिंदी चित्रपटही निघाला. जन्म ८ ऑक्टोबर १९७१, मुंबई. सुरुवातीला ते मध्यमगती गोलंदाजी करीत. नोकरीत असताना ओरिएंट शिपिंग या कंपनीच्या संघाच्या कप्तानाने त्यांना लेगस्पिन टाकण्याचा सल्ला दिला. त्यानंतर वर्षानुवर्षे मुंबईच्या मैदानांवर क्लबच्या आणि कंपन्यांच्या स्पर्धांत ते खेळत राहिले. मुंबईच्या रणजी संघात मात्र त्यांची वर्णी लागली नाही.

७ मे २०१३ रोजी राजस्थान रॉयल्सकडून ते आयपीएलचा पहिला सामना खेळले, तेव्हा त्यांचे वय होते ४१ वर्षे २११ दिवस. त्यापूर्वी प्रथम दर्जाचा एकही सामना त्यांच्या नावावर नव्हता. त्याच वर्षीच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेत त्यांनी पाच सामन्यांत १२ बळी घेतले. स्पर्धेत सर्वांत जास्त बळी त्यांचेच होते. मग कुठे मुंबईच्या रणजी संघाचे दार उघडले.

५ मे २०१४ रोजी अहमदाबादला कोलकात्याविरुद्ध त्यांनी हॅट्ट्रिक साधली, तीही हिशेबी दोन चेंडूंत! कशी, ते ओळखा बरे. पहिला चेंडू वाइड होता, पण त्यावर मनीष पांडे यष्टिचीत झाला. वाइड चेंडू षटकात मोजत नाहीत, बळी मात्र मोजतात. पुढच्या चेंडूवर युसुफ पठाणचा झेल तांबे यांनी स्वतःच घेतला आणि त्याच्या पुढच्या चेंडूवर टेन डशकाटे पायचीत झाला. बिनबाद १२१ वर असलेला कोलकात्याचा संघ पाहता पाहता ६ बाद १२३ झाला आणि सामना हरला. त्यांतले तीन बळी ४२ वर्षांच्या एका लेगस्पिनरचे होते. पुढे २०२० साली ते वेस्ट इंडीजमधील कॅरिबियन प्रीमियर लीगमध्येही खेळले, वय ४८.

हा काही एकटा दाखला नव्हे. जन्माने न्यूझीलंडचे असलेले क्लॅरी ग्रिमेट ऑस्ट्रेलियाकडून पहिली कसोटी खेळले ते १९२५ साली, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी. त्या एकाच सामन्यात त्यांनी ११ बळी घेतले, आणि कसोटीत दोनशे बळींचा टप्पा गाठणारे ते जगातील पहिले गोलंदाज ठरले. दक्षिण आफ्रिकेचा इम्रान ताहिर २०१९ सालच्या आयपीएलमध्ये २६ बळी घेऊन सर्वांच्या पुढे राहिला. त्या वर्षी त्याने चाळिशी गाठली होती. तमिळनाडूचा वरुण चक्रवर्ती वास्तुशास्त्राची पदवी घेऊन नोकरीला लागला होता. तो फिरकीकडे वळला ते पंचविशीच्या सुमारास, आणि भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळला २०२५ साली, तेहेतिसाव्या वर्षी.

उदाहरण म्हणजे सिद्धता नव्हे

येथे थोडे थांबले पाहिजे. चार उदाहरणे दिली म्हणजे नियम सिद्ध झाला, असे विज्ञानात चालत नाही. जे यशस्वी झाले त्यांचीच नावे आपल्याला माहीत असतात. चाळिशीपर्यंत तेवढ्याच निष्ठेने चेंडू टाकून ज्यांना कोणीही बोलावले नाही, त्यांची यादी कोणी ठेवत नाही. तळ्यात तरंगणारी पाने मोजून बुडालेल्यांची संख्या कळत नाही, तसेच हे.

जागांचाही हिशेब करा. आयपीएलमध्ये दहा संघ आहेत. एका संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू, त्यांत आठपर्यंत परदेशी. परदेशी जागा पूर्ण भरल्या तर भारतीयांसाठी उरतात १७०. प्रत्येक संघात दोन भारतीय लेगस्पिनर धरले, तरी सबंध देशासाठी वीस जागा. वडवणीच्या मुलाला मी असे कसे सांगू, की त्यांतली एक तुझी आहे? त्याने बाराव्या वर्षी सुरुवात केली असती तरी मी तसे सांगितले नसते.

तांबे यांच्या कथेतली एक गोष्टही आपण नेहमी विसरतो. ते एकेचाळिसाव्या वर्षी सुरू झाले नाहीत. ते एकेचाळिसाव्या वर्षी दिसले. त्याआधीची वीस वर्षे ते खेळतच होते. त्यांना नोकरी होती, कंपनीचा संघ होता, जवळ मैदाने होती, सामने होते. आयपीएलमध्ये त्यांच्या वाट्याला एकूण ३३ सामने आले आणि २८ बळी मिळाले. तिसाव्या वर्षी एखाद्या मोठ्या संघाने त्यांना निवडले असते, तर हे आकडे किती झाले असते? त्यांच्या चिकाटीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण निवड करणाऱ्यांच्या नजरेतून जी वर्षे निसटली, त्यांचाही हिशेब कोणीतरी मागायला हवा.

चाळणीची भोके

ही वर्षे निसटतात कशी? आपली निवड वयाच्या चाळणीतून होते : सोळा वर्षांखालील, एकोणीस वर्षांखालील, तेवीस वर्षांखालील. वयासाठी १ सप्टेंबर ही तारीख धरतात. आता सप्टेंबरात जन्मलेला मुलगा आणि पुढच्या ऑगस्टमध्ये जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात. पण पहिला जवळजवळ एक वर्षाने मोठा, अर्थात उंच आणि दणकट. निवड होते बहुधा त्याची. मग त्याला शिक्षक मिळतो, सामने मिळतात आणि तो खरोखरच सरस होतो. कॅनडातील आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासून रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली हे दाखवून दिले : वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या तेथे फार जास्त निघाली.

आपल्या खेड्यांत तर आणखी एक गंमत. निम्म्या वर्गाची जन्मतारीख १ जून! दाखला करताना गुरुजींनी शाळेच्या सोयीने लिहिलेली. वय पडताळण्यासाठी सोळा वर्षांखालील गटात मनगटाचे क्ष-किरण चित्र काढून हाडांची वाढ पाहतात. लबाडी रोखण्यासाठी हे योग्यच आहे. पण ज्या मनगटाचे वय एवढ्या बारकाईने तपासतो, त्या मनगटाची फिरकीही तेवढ्याच बारकाईने तपासायला नको का?

वडवणीच्या मुलासाठी या चाळणीत आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे क्रिकेटचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च. उसाचा हंगामही तोच! सामने आणि निवडी चालू असतात, तेव्हा ही मुले साखर कारखान्याजवळच्या कोपीत आईवडिलांबरोबर असतात. त्यांच्या वाट्याला आलेला उशीर आळसाचा नसतो, तर स्थलांतराचा असतो.

साधे गणित करा. रोज ६० चेंडू, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे आठवड्याला ३०० चेंडू. वर्षात पन्नास आठवडे सराव केला तर १५,०००. वीस आठवडे उसात गेले की त्यांतले ६,००० गेले. दहा वर्षांत साठ हजार चेंडू! सतराव्या वर्षी सुरुवात केल्याने झालेला तोटा यापुढे काहीच नाही. कारण तांबे यांच्या पदार्पणाच्या वयापर्यंत या मुलाजवळ अजून चोवीस वर्षे आहेत.

तेव्हा, “कोपीपुढे संध्याकाळी सराव कर,” असला उपदेश कोणी करू नये. पहाटेपासून मोळ्या बांधणाऱ्या मुलाला तो करायला आपल्याला लाज वाटली पाहिजे. ही मुले गावात राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तेथे जेवण आणि पुस्तके यांच्याबरोबर एक मॅटिंगची खेळपट्टी आणि चार लेदरचे चेंडू असावेत. आणि बारावीनंतरच्या मुलांसाठी तालुक्याच्या गावी वयाची अट नसलेली, वर्षभर चालणारी स्पर्धा असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोजा आणि मग ठरवा

आता त्या मुलासाठी, आणि तुमच्यासाठीही, एक प्रयोग. चेंडूच्या अर्ध्या भागावर पांढरी चिकटपट्टी लावा. काही मोबाइल फोनमध्ये सेकंदाला १२०, तर काहींत २४० चित्रे घेणारे संथगती चित्रीकरण असते. चेंडू टाकताना मित्राला तसे चित्रीकरण करायला सांगा. पांढरी बाजू पुन्हा तशीच समोर यायला किती चित्रे लागली, ते मोजा. समजा, २४० च्या चित्रीकरणात १२ चित्रे लागली. मग सेकंदाला २० फेरे, म्हणजे मिनिटाला १,२००. हा आकडा वहीत तारखेसह लिहा. खेळपट्टीवर योग्य टप्प्याच्या जागी एक वर्तमानपत्र पसरा आणि साठांपैकी किती चेंडू त्यावर पडले, तेही लिहा. खांदा दुखू लागला तर थांबा.

सहा महिन्यांनी वही उघडा. दोन्ही आकडे वाढत असतील, तर उशीर झालेला नाही. दोन्ही जागच्या जागी असतील, तर शिकवणारा शोधा. हेच दोन आकडे निवड समित्यांनीही मागावेत, जन्मतारखेच्या आधी.

दारे कोठे आहेत, तेही पाहून ठेवा. शालेय स्पर्धा एकोणीस वर्षांखालील गटापर्यंत असतात : आधी तालुका, मग जिल्हा, विभाग आणि राज्य. पुढे महाविद्यालयात गेलात तर विद्यापीठाच्या संघासाठी पंचविशीपर्यंत वेळ मिळतो. म्हणूनच त्या मुलाला माझा आग्रह हा, की बारावी सोडू नकोस. पुस्तकाने चेंडू वळत नाही हे खरे. पण महाविद्यालयात नाव असले तर आणखी सात-आठ वर्षे मैदानाचे दार उघडे राहते, आणि कोयता एक वर्ष तरी लांब राहतो. बीडच्या मातीत क्रिकेट रुजत नाही, असेही कोणी म्हणू नये. भारताकडून बारा कसोटी सामने खेळलेले संजय बांगर यांचा जन्म बीडचाच. ते पुढे आले रेल्वेच्या संघातून. २०२४ सालच्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा करणारा सचिन धसही बीडचाच.

तर मग, उशीर झाला का? माझे उत्तर असे : मोठ्या संघात जागा मिळण्याचा संभव फार थोडा आहे, आणि तो बारा वर्षांच्या मुलालाही फार थोडाच असतो. पण चांगला लेगस्पिनर होण्यासाठी सतरावे वर्ष उशिराचे नाही. उशीर होईल तो पुढच्या हंगामात मुलाच्या हातातला चेंडू जाऊन तेथे कोयता आला तर. आणि तो उशीर एकट्या त्या मुलाने टाळायचा नाही. तो आपण सर्वांनी मिळून टाळायचा आहे.

हा अंक वडवणीला पोहोचेलच. त्या मुलाने तो वाचला तर वहीतले पहिले दोन आकडे मला जरूर कळवावेत. मी वाट पाहतो आहे.